आम्ही साक्ष द्यायला तयार आहोत

रविवार, ७ सप्टेंबर

आज धाकट्याचा उपदेश चांगला झाला. चर्चमध्ये सगळे त्याला पाळकसाहेब म्हणतात. मी त्याला न्हाऊ-माखू घातलंय, तेव्हा निदान या वहीत तरी तो धाकटाच. विषय होता, मंडळी म्हणजे काय. तो म्हणाला, "रविवारी जमते ती नव्हे, सोमवारी पाठवली जाते ती मंडळी." ऐकायला छान वाटलं. पाठवायचं कुणाला, एवढाच प्रश्न आहे. आमच्यातल्या निम्म्यांचे गुडघे गेलेत आणि उरलेले निम्मे त्यांना धरून आणतात.

उपदेशामागचं कारण मला ठाऊक आहे. वरच्या मंडळाने बजावलंय, वर्षअखेरीपर्यंत वस्तीत काही काम उभं राहिलं नाही तर आमचं चर्च नदीपलीकडच्या मोठ्या चर्चमध्ये मिसळून टाकणार. मग चर्चच्या आवारातलं हे घरही जाणार. आमचे हे गेल्यापासून मी इथे राहते. पाळकांना कुठेही नेमतात, पण त्यांच्या बहिणीची नेमणूक कोण करणार? माझं हक्काचं असं एक स्वयंपाकघर उरलंय आणि तेही मंडळाचं आहे. वरच्यांचं काय जातंय, उंटावरून शेळ्या हाकायच्या.

आज प्रार्थनेत पुन्हा तो खडखडाट. मागच्या भिंतीपलीकडे कुणी बाई शिलाई मशीन चालवते, आणि रविवार तिच्या खिजगणतीत नाही. मी शेवटच्या बाकावर भिंतीला लागून बसते ती त्यासाठीच. धाकटा "प्रार्थना करू या" म्हणाला की मी मुठीने भिंतीवर दोन टोले देते. मशीन थांबतं. आमेन झालं की पुन्हा सुरू. कुणाला तरी धाक हवाच.

बुधवार, १० सप्टेंबर

कमिटीने ठरवलं की घरोघर पत्रक वाटायचं आणि जागा मिळाली तर एक सेवाकेंद्र उघडायचं. पत्रकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडला. खजिनदारांना पत्रकात चर्चचा इतिहास हवा होता. म्हटलं, इतिहास वाचून कुणी दार उघडत नाही.

शेवटी दोनच ओळी लिहिल्या. "आम्ही साक्ष द्यायला तयार आहोत. केव्हाही या, दार वाजवा." खाली चर्चचा पत्ता. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, याला आमच्याकडे साक्ष म्हणतात. कधी कधी तीच बाई तीच साक्ष दर महिन्याला देते, पण ते असो. धाकटा पत्रक वाचून म्हणाला, "ताई, तुला उपदेश करायला उभं करायला हवं." मी वरवर रागावले.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सकाळपासून पत्रकं वाटली. पालथ्या घड्यावर पाणी. एका बाईने पत्रक घेतलं आणि माझ्यादेखत त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. खजिनदार म्हणाले, निदान उपयोग तर झाला. काहींना आम्ही बोहारणी वाटलो, ते नुसतेच आतून "नको" म्हणाले, काय नको ते न विचारता. 

पण दुपारी देवाने दार उघडलं. शेजारच्या इमारतीच्या मालकांनी आपण होऊन धाकट्याला बोलावलं. मागच्या गल्लीतली खोली देतो म्हणाले, सेवाकेंद्रासाठी, वर्षभर काहीही न घेता. "दोन वर्षं बंदच पडली आहे हो, नुसती अडगळ. तुमच्या हातून काही चांगलं होईल." एवढा भला माणूस आपल्या शेजारी आणि आपल्याला पत्ता नाही. धाकटा घरी येऊन जेवलाच नाही, आनंदाने.

रविवार, २१ सप्टेंबर

आज प्रार्थना अखंड झाली. भिंतीपलीकडे चिटपाखरू नाही. मी मूठ आवळून बसले होते, तशीच सोडली. इतकी शांतता या चर्चमध्ये मी कधी अनुभवली नव्हती. एकदा कृपा सुरू झाली की चहूबाजूंनी येते.

बुधवार, २४ सप्टेंबर

खोलीची किल्ली मिळाली. मी झाडायला गेले. मालकांनी नवा रंग दिलाय, त्याचा वास अजून जात नाही, पण त्याखाली तेलाचाही वास आहे, यंत्राला घालतात तसल्या. फरशीच्या भेगांतून रंगीत दोरे निघाले, टाचण्या निघाल्या, निळ्या खडूचा एक चपटा तुकडा, एका पँटचं बटण. अडगळीत माणसं काय काय टाकतात. खिडकीखाली फरशी दोन ठिकाणी झिजली आहे. तिथे पुस्तकांचं कपाट ठेवावं, म्हणजे दिसणार नाही.

चांगली गोष्ट म्हणजे ही खोली चर्चला अगदी लागून आहे. कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं, ते इथे स्पष्ट ऐकू येत होतं. धाकट्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे केंद्रात बसूनही उपासना ऐकता येईल." त्याने वरच्या मंडळाला फोन करून कळवलं. तिकडून प्रथमच कुणी त्याला शाबास म्हटलं. मी स्वयंपाकघराला नवे पडदे करायचं ठरवलं आहे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आजचं आजच लिहिते.

दुपारी दार वाजलं. एक बाई उभी होती, माझ्याहून थोडी लहान, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. हातात आमचं पत्रक. म्हणाली, "इथेच साक्ष देतात ना?"

मला इतका आनंद झाला की मी तिला हात धरून आत घेतलं. पहिलं पत्रक फळाला आलं. म्हटलं, "या, बसा. पाणी घेणार? कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. कागद वाचला. म्हटलं, आजकाल कोण असं लिहून देतं? सुनावणी सोळा तारखेला आहे. तुमच्यातलं कोण येईल?"

"कसली सुनावणी?"

मग तिने सांगितलं. ती शिंपीण. कपडे लहान-मोठे करून देते, चेन बदलून देते. मुलीचं बाळंतपण होतं म्हणून आठवडाभर तिकडे गेली होती. परत आली तर कुलूप वेगळं आणि सामान गल्लीत. मालकाचं म्हणणं, खोली दोन वर्षं बंद आहे, ही बाई इथे काम करतच नव्हती. इमारतीतले सगळे त्याचे भाडेकरू, कोणी तोंड उघडत नाही. तिला एकच हवं होतं. ती तिथे होती, एवढं कुणीतरी भाड्याच्या कोर्टात सांगावं.

खोली कुठली, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. निळा खडू अजून माझ्या केराच्या सुपलीत पडलेला आहे.

मी तिला समजावायला गेले. म्हटलं, "बाई, तुमचा गैरसमज झालाय. आमची साक्ष वेगळी असते."

"वेगळी म्हणजे? जे पाहिलं, ऐकलं ते सांगायचं ना?"

"हो, पण ती देवाबद्दल."

चेष्टा नव्हती तिच्या बोलण्यात, खरंच विचारत होती. "देवाला कुणी घराबाहेर काढलंय का?"

ती पाणी पिऊन, पेला विसळून ठेवून गेली. जाताना पत्रक परत पर्समध्ये टाकलं.

रविवार, २८ सप्टेंबर

उपासनेनंतर कमिटी बसली. धाकट्याने सगळं मांडलं. खजिनदार म्हणाले, "आपण खोली रिकामी केलेली नाही. आपल्याला मिळाली." मी म्हटलं, "आयत्या बिळावर नागोबा." ते म्हणाले, "ताई, एका बाईसाठी सगळ्या वस्तीचं काम बुडवायचं का?" ते वाईट मनुष्य नाहीत. या चर्चच्या छपरावर ते स्वतः चढलेले आहेत. त्यांचा प्रश्न मलाही पडला होता, फक्त मी तो मोठ्याने विचारला नव्हता.

मग निघालं की साक्ष द्यायची म्हटली तरी कोण देणार? मागची गल्ली आमच्या कुणाच्या वाटेवर नाही. धाकटा म्हणाला, "मी गेलो असतो. पण मला कधी मशीन ऐकूच आलं नाही. बोलताना मला माझाच आवाज ऐकू येतो." खजिनदारांना अचानक कानाने कमी ऐकू यायला लागलं. एकेक करत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटचा बाक, भिंतीलगतचा.

मी उठून कपबश्या धुवायला गेले.

मंगळवार, ३० सप्टेंबर

मी भित्री नाही, पण मला भीती वाटतेय. इकडे आड, तिकडे विहीर. ती कोर्टात हरली तर तिची खोली जाईल. मी बोलले तर माझं घर जाईल. आणि मालक मला घाबरवायलाही आले नाहीत, उलट आज केंद्रासाठी दोन खुर्च्या पाठवल्या. चांगल्या आहेत खुर्च्या, पाठ दुखत नाही. मला त्या बाईचाच राग येतोय. इतकी दारं असताना वाजवायला तिला आमचंच दार सापडलं. अर्थात, वाजवा असं मीच लिहिलं होतं.

धाकटा रात्रीचं जेवण टाळतो. प्रार्थना कर म्हणतो. करते. तीच ती दोन वाक्यं होतात.

रविवार, ५ ऑक्टोबर

शांतता. आज मला ती सहन झाली नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

पत्ता शोधत तिच्या मुलीकडे गेले. साक्षीचं काही ठरवून नव्हे, नुसतं बघायला. जिन्याच्या वळणावर मशीन ठेवलंय, चादरीत गुंडाळून. आत बाळ, बाळंतीण, जावई, सगळे एका खोलीत. शिंपीणबाई जिन्याच्या पायरीवर बसून हाताने काज करत होती.

म्हटलं, "मशीन का नाही चालवत?"

"खालच्यांची तक्रार आहे. आवाज होतो."

मी म्हटलं, "आवाज होतोच तुमचा. मी शेजारच्या चर्चमध्ये भिंतीला लागून बसते. मला ठाऊक आहे."

तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे ती भिंत तुम्ही वाजवायच्या? मी मुलीला नेहमी सांगायचे. त्यांची प्रार्थना सुरू झाली की कुणीतरी मला आठवणीने कळवतं. मीही मशीनवरून पाय काढून, डोळे मिटून बसायचे मग. आठवड्यात तेवढीच कंबरेला विश्रांती."

मी तिला खरं काय ते सांगणार होते. माझी तक्रार रास्तच होती, उपासनेच्या वेळी आवाज करू नये. पण तिने बसायला पायरीवर स्वतःचा रुमाल पसरला आणि मी बसले. बाळ माझ्या मांडीवर दिलं तिच्या मुलीने, काही न विचारता. घरी यायला उशीर झाला.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सकाळी धाकट्याला सांगितलं, मी जाणार आहे. त्याने विचारलं, "घराचं?" म्हटलं, "तू मोठा शहाणा, पाठवलेली मंडळी म्हणतोस. पाठवलं की घर सुटतंच." बोलायला सोपं गेलं, पण मग न्हाणीघरात जाऊन रडले. इथल्या खिडकीतून सकाळचं ऊन ओट्यावर येतं. ते सोडायचं माझ्या जिवावर आलंय.

दुपारी तो एकटाच जाऊन किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवून आला. खुर्च्याही परत केल्या, डोक्यावरून नेल्या दोन्ही. गल्लीतल्या लोकांनी पाहिलं. त्याच्या उपदेशाला एवढे लोक कधी नव्हते.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

कोर्ट म्हणजे एक लांबट खोली आणि खूप ताटकळणं. शिंपीणबाईने मला पाहून पदर सावरला. 

मालकाच्या वकिलाने विचारलं, "तुमचा आणि या बाईंचा संबंध काय?"

"भिंतीचा."

"म्हणजे तुम्ही त्यांना कधी खोलीत काम करताना पाहिलेलं नाही?"

"नाही."

त्याने साहेबांकडे पाहिलं, झालं, अशा अर्थाने. मी म्हटलं, "ऐकलंय. दर रविवारी. किती तरी वर्षं. सप्टेंबरात बंद झालं तोवर."

"आवाज काय, कुठूनही येतो बाई. याच खोलीतून येत होता कशावरून?"

"मी भिंत वाजवली की थांबायचा."

हे त्याला कळेना म्हणून सगळं सांगितलं, प्रार्थना, टोले, आमेन. म्हटलं, "बंद खोली असती तर थांबलं कोण?" साहेबांनी लेखणी उचलली.

वकील हसून म्हणाला, "तुमचं प्रार्थनेत बरंच लक्ष असतं."

"प्रार्थनेत नाही, आवाजात. प्रार्थनेबद्दल विचारलंत तर मला काही शपथेवर सांगता येणार नाही."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, खरं तेच सांगितलं होतं. बसमध्ये धाकट्याने विचारलं, "इतक्या वर्षांत माझी एकही प्रार्थना ऐकली नाहीस?" म्हटलं, "सुरुवात ऐकायचे." तो खिडकीबाहेर बघत राहिला. खांदे हलत होते म्हणून मला वाटलं रडतोय, पण हसत होता.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

निकाल लागला. खोली तिची.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

वरच्या मंडळाचा फोन. मिळालेली जागा घालवली, त्यात कोर्टकचेरी. चर्च मोठ्या चर्चमध्ये जाईल, धाकटा तिथे दुय्यम पाळक. आम्हाला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. यंदा किती नवीन माणसं जोडली, असंही विचारलं. धाकटा म्हणाला, "एकही नाही." मला वाटलं, हा निदान शिंपीणबाईचं नाव तरी घेईल. घेतलं नाही. मला राग आला, मग वाटलं, बरोबर आहे, ती काही आमच्या हिशेबात लिहायची नाही.

खजिनदार संध्याकाळी आले. सामान बांधायला सुतळी घेऊन. बोलले कमी, गाठी मात्र पक्क्या मारल्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर

शिंपीणबाई आली. या घरचे पडदे नव्या जागेच्या खिडक्यांना लहान करून हवे होते, ते तिने मापं घेऊन नेले होते, तयार करून आणले. पैसे घेईना. मग म्हणाली, "तुमचं घर माझ्यापायी गेलं."

म्हटलं, "तुमच्यापायी नाही हो. आम्ही छापून दिलं होतं."

"मी तुमच्या धर्मात येईन असं काही मनात नाही ना?"

"मी बोलावलंय का?"

ती हसली. दाराशी जाऊन थांबली. "पण रविवारी आता मला कळणार कसं? कुणी वाजवणार नाही."

म्हटलं, "कंबर दुखली की थांबत जा." ती गेल्यावर कळलं, मला तिला मिठी मारायची होती. 

बुधवार, १९ नोव्हेंबर

नव्या जागेत आठवडा झाला. जिना चढून जीव जातो. ओट्यावर ऊन येत नाही. मोठ्या चर्चमध्ये गालिचा आहे, त्यामुळे कुणाच्या पावलांचाही आवाज होत नाही. मला करमत नाही.

समोरच्या दारातून रोज सकाळी दूध करपल्याचा वास येतो. रोज म्हणजे रोज. माणसाने एकदा करपवावं, दोनदा करपवावं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज जाऊन सांगूनच आले. म्हणजे सांगायला गेले होते. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं, हातात काळं पडलेलं भांडं आणि घासणी. बायको दवाखान्यात आहे. तिला दूध न्यायचं असतं, आणि ते गॅसवर ठेवून हे आत तिचे कपडे भरायला जातात. उभ्या जन्मात कधी दूध तापवलं नव्हतं म्हणाले. मी त्यांना दुधापाशी उभं राहायला शिकवलं. उभं राहणं एवढंच ते शिक्षण, पण त्यांना ते अवघड जात होतं, सारखे दाराकडे बघत होते. मग मीच भरली पिशवी. त्यांच्याबरोबर दवाखान्यातही गेले, कारण त्यांना बसचा नंबर नीट दिसत नाही. बाई बारीक आहेत, आवाज खणखणीत. दूध पिऊन म्हणाल्या, "आज करपलं नाही, कोण आलंय?" त्यांचे केस विंचरून दिले. उद्या तेल घेऊन जाईन.

परतले तेव्हा धाकटा जेवायचा थांबला होता. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग? त्यांना काही बोललीस का? आपण कोण, चर्च, प्रभू?"

मी ताटं घेता घेता आठवून पाहिलं.

म्हटलं, "अगंबाई, ते राहूनच गेलं."